पहिला घडा तुळशीला

ठाणे, कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८१०

प्रिय सहदेव,

सुमतीला बाळंतपणाला माहेरी आणायला काय खर्च आला, ते आधी सांगतो. कल्याणची एक खेप, दोन तांबे पाणी आणि जिभेवर आलेला एक शब्द. शब्दच सर्वांत महाग पडला, कारण तो गिळावा लागला.

तुला खडकीला पलटणीची खोगिरं शिवत बसून वाटत असेल, पलटणीतला हा सुताराचा पोर ठाण्याच्या पाणीखात्याचा मुख्य झाला, आता याला कसली अडचण? अरे, कंदाहारला जमिनीला कान लावून खालचं पाणी शोधायचो, तोच धंदा इथे चालू आहे. काठीचं एक टोक लोखंडी नळाला, दुसरं कानाला, की गळती कुठे ते कळतं. माझा कान चुकवून ठाण्यात एक थेंब सांडत नाही, असं मी कलेक्टरसाहेबाच्या कचेरीत सांगून आलोय.

हीच फुशारकी नडली. सुमतीच्या लग्नाच्या पंगतीत व्याह्यांना नळाची करामत समजावताना मी सांगून बसलो, की तोटीच्या आत चामड्याची चकती असते. विहीणबाई हौसाबाई वाढत होत्या. त्या दिवसापासून आमचं घर बाटलेलं. गेल्या वर्षी सुमती पहिलटकरीण, पण चामड्याच्या पाण्याच्या घरी तिला पाठवलीच नाही. पोर अडली. मूल गेलं, तीही जाता जाता राहिली. तिची आई, आमची कमळाबाई, मला एका शब्दाने बोलली नाही, पण त्यानंतर वर्षभर ती नळाला हात लावताना माझ्याकडे बघायची नाही.

यंदा पुन्हा दिवस राहिले. सातव्या महिन्यात मी कल्याणला गेलो. व्याह्यांची लाकडाची वखार आता मोठी आहे, मागे केळीची बाग. मी ओटीवर, हौसाबाई दाराआड. त्या म्हणाल्या, “आमची सून चामड्याचं पाणी प्यायची नाही. मग तुम्ही लाटसाहेब असा नाहीतर कोणी.” तेवढ्यात परसातून चाकाची करकर ऐकू आली, आणि मागोमाग भसकन पाणी पडल्याचा आवाज. सहदेव, हा आवाज मी झोपेतही ओळखीन. बैलांची मोट.

मी पाणी मागितलं. गूळपाणी आलं. तांबा रिकामा करून दुसरा मागितला. म्हटलं, “वहिनी, काय गोड पाणी. कुठलं?”

“आमच्या परसातल्या विहिरीचं.”

“मोटेनं काढलेलं?”

“मग काय, एवढं हातानं उपसायचं?”

आणि दाराआडच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. अख्ख्या बैलाच्या कातड्याची मोट, आणि माझी चकती रुपयाएवढी. व्याही उपरण्यात तोंड घालून खोकू लागले. ‘चामडं’ हा शब्द माझ्या जिभेवर होता. पण तो बोलून मी जिंकलो असतो आणि मुलगी तिथेच राहिली असती. मी म्हटलं, “मोट जुनी, घरातलीच झालेली. माझा नळ अजून नवा जावई आहे, त्याला सांभाळून घ्या.”

आतून निकाल आला. “पहिला घडा तुळशीला घालायचा. मग प्यायला हरकत नाही.”

कंदाहारला कातड्याच्या पखालीचं पाणी पिताना आपल्याला तुळस कुठे मिळाली होती रे? पण मी हात जोडले आणि सुमतीला घेऊन आलो. तेव्हापासून आमची तुळस रोज घडाभर पाणी पिऊन अर्धी कुजली आहे.

पत्र लिहायचं कारण आता सांगतो. सोमवारी दुपारी सुमतीला मुलगी झाली. पुन्हा अडली होती, पण या खेपेला उशाशी आई होती. दोघी सुखरूप. काल हौसाबाई नात बघायला आल्या आणि न विचारता आमच्या नळाचं पाणी प्याल्या. बारशाला तू यायचंसच, आणि येताना तुझ्या हातची चामड्याची एक चकती आण. मोरीतली आपलीच तोटी सोमवारपासून गळते आहे. मी बाळंतिणीच्या दाराला कान लावून बसलो होतो, मला ऐकू आलं नाही. कमळाबाईने सांगितलं.

तुझाच पलटणीतला,
हरिहर