आरशातली पाटी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यातून निवृत्त, संपूर्ण शुद्धीत व कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मेहुण्यांचे मत त्यांनी विचारले नाही.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक पत्नीला. मागच्या खोलीतला भुसा तिने वर्षानुवर्षे झाडला, त्याची भरपाई यात होत नाही.

२. लाकडावर अक्षरे कोरणारे माझे यंत्र, त्याचा कॉम्प्युटर, मोटारी व कॉम्प्युटरचा हुकूम मोटारींना पोचवणारे ड्रायव्हर लेकीला. ती दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्याच्या उद्घाटनाला नावाची पाटी पाहुण्यांसमोरच कोरून दाखवीन, असा माझा हट्ट. पत्नी म्हणाली, "अहो, आधी यंत्राला पेन लावून कागदावर काढून बघा." मी म्हणालो, "माझ्या हातच्या जोडणीला चाचणी लागत नाही." आडव्या मोटारीच्या दोन तारा ड्रायव्हरला उलट जोडल्या होत्या. कॉम्प्युटर उजवीकडे म्हणे, मोटार डावीकडे जाई. लेकीचे नाव सगळ्यांदेखत उलटे उमटले. मेहुणे पोट धरून हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले. लेकीने तीच पाटी आत लावली.

३. तेव्हापासून लाजेने मी त्या रस्त्याला फिरकलो नाही. लेक घरी आली की झोपेचे सोंग घेतो. माझ्यामागे ती पाटी उतरवून, नंतर कोरलेली सुलट पाटी लावावी. ती हत्यारांच्या पेटीत आहे.

४. सोल्डरिंगचे सामान मेहुण्यांना. त्यांच्या जागी मीही हसलो असतो.

५. कलम तीन रद्द. काल दाढेने दावा साधला, पत्नीने दंडाला धरून दवाखान्यात नेले. खुर्चीत बसलो. समोर मोठा आरसा, पाठीमागच्या भिंतीवर माझी पाटी. आरशात लेकीचे नाव सरळ दिसत होते.

"आमचं निम्मं काम आरशात बघूनच चालतं, बाबा," ती म्हणाली. "हा समोरचा पहिल्याच आठवड्यात लावला. तुम्ही कधी येताय, याचीच वाट बघत होते. आता आ करा."

मी आ केला. डोळ्यांतले पाणी तिने दाढेच्या नावावर खपवले.

सबब, पाटी उतरवू नये. सुलट पाटी पेटीतच राहू द्यावी. लाज कोणाच्याही नावे करत नाही. ती मी सोबत नेईन.

साक्षीदार: शेजारचे शिंपी; कोपऱ्यावरचे औषधवाले. दोघांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या.
ठिकाण: मागची खोली, यंत्राशेजारी.
दिनांक: दाढ काढल्याचा दुसरा दिवस.
सही: लेकीचा बाप