डिकीतला दिवाळसण

बोरीवली,
वसुबारस, दुपार

तीर्थस्वरूप सखुबाई वन्सं यांस रत्नप्रभाचा वाकून नमस्कार. (कंबर धरलीय म्हणून बसूनच लिहितेय, पण वाकले असं समजून घ्या.) तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? डॉक्टरचं औषध लावता की अजून शेजारणीच्या सांगण्यावरून पाला बांधून बसता? बाकी गाय, माड, पडवीचं छप्पर सगळं ठीक असेल असं धरून चालते, कारण वाईट असतं तर तुमचा फोन आला असता. इकडे सगळी खुशाल आहेत. फक्त तुमचा भाऊ सकाळपासून घरात नाही. (‘हे’ म्हणायचं मी आजच्या पुरतं बंद केलंय.) तुम्ही घाबरू नका, मीही घाबरले नाही. माणूस काय, भूक लागली की येतो. पण जाताना तो माझा अख्खा दिवाळसण घेऊन गेलाय आणि त्याचा त्याला पत्ताच नाही, हे खरं दुखणं आहे.

आता नीट सांगते, कारण माझंच डोकं गरगरतंय. आपल्या निमेशच्या लेकीचं, विनिताचं मे महिन्यात लग्न झालं, तुम्ही आला होतात, पंगतीत तुमची चप्पल गेली ते तेच. तर हा तिचा पहिला दिवाळसण. पाडव्याला जावई येणार आणि बरोबर त्याची आई. ही विहीणबाई वर्सोव्याची, तोंडाची माझ्यासारखीच. लग्नातच मला म्हणाली, "आमच्याकडे फराळ बाजारातून येत नाही हां." म्हटलं, बरं बाई, बघ तू. म्हणून यंदा कंबर मोडेपर्यंत तळत बसले. भाजणीच्या चकल्या, ओल्या नारळाच्या नाही, सुक्या खोबऱ्याच्या करंज्या (टिकायला हव्यात) आणि बेसनाचे लाडू. आता आपल्यात पहिल्या आंघोळीला देवापुढे ठेवल्याशिवाय फराळाला कुणी तोंड लावत नाही हे तुम्ही जाणता. तुमच्या भावाला हे शिकवायचं तुमच्या आईच्या हातून राहून गेलं. गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला डबा उघडला तर तळाशी नुसता चुरा. बिचाऱ्या देवाला चुऱ्याचा नैवेद्य. म्हणून यंदा डबे लपवायचे ठरवलं. माळ्यावर ठेवले तर तो शिडी लावतो, पलंगाखाली ठेवले तर वास काढतो. मग सुचलं, गाडीची डिकी.

गाडी म्हणजे तीच जुनी फियाट. चार वर्षं कंपाउंडात उभी आहे. मांजरी तिच्याखाली बाळंत होतात, पोरं तिच्यावर क्रिकेटचा स्कोअर लिहितात. डिकी गंजून बसलीय, उघडत नाही, असं सगळी सोसायटी समजते. पण झाऱ्याचा दांडा फटीत घालून जरा वर उचललं की उघडते. मला ठाऊक, कारण पावसाळ्यात सांडगे मी तिथेच ठेवते. काल दुपारी ही माणसं झोपलेली असताना तिन्ही डबे फडक्यात गुंडाळून आत ठेवले. करंज्यांचा तर स्टेपनीच्या खाली दडवला. आणि हात झटकून वर आले.

रोज संध्याकाळी चहा झाला की तिघेजण त्याच गाडीत जाऊन बसतात. तुमचा भाऊ स्टिअरिंगवर, शेजारी जयवंत (गिरणी बंद पडल्यापासून हा माणूस कुणाच्या तरी शेजारी बसलेलाच असतो), आणि मागच्या सीटवर पाय पसरून कुंडलिक, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता तो. सोसायटीने बाकडी काढून टाकली तेव्हापासून हीच बैठक. माझी खिडकी तिथून हाकेवर, त्यामुळे ऐकावंच लागतं. आणि बोलणं कसलं, अर्धं गाड्यांचं, अर्धं सणाच्या खाण्याचं, कुठून निघालं नि कुठे पोचलं ते कळेल तर शपथ. जयवंत म्हणतो, "अँबॅसेडरमध्ये पाच माणसं आणि वर एक बोकड आरामात जायचा." कुंडलिक म्हणतो, "बोकडाला वाटणात खोबरं काळं होईस्तोवर भाजायला हवं." तुमचा भाऊ म्हणतो, "आणि थंडीत चोक ओढल्याशिवाय चालू व्हायची नाही." कोण चालू व्हायचं, बोकड? मी कपाळाला हात लावून कढईपाशी बसायचे. काल तर दिवाळीचा विषय निघाला. जयवंत म्हणाला, "चकली खावी तर गावच्या सखुबाईंच्या हातची. खळ्यात मोडली तर पडवीत ऐकू येते." त्यावर तुमचा भाऊ काय म्हणाला ऐका. म्हणाला, "आमच्या हिची चकली आधी दातांना विचारून घ्यावी लागते." आणि हे बोलताना त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर माझा डबा. (वन्सं, तुमची चकली वाईट असते असं मी कधी म्हटलं नाही. जरा तेल पिते, एवढंच.) मग कुंडलिक म्हणाला, "मग चला की, गाडी तयार आहे." ही गाडी चार वर्षं तयारच आहे, म्हणून मी खिडकी लावून घेतली. मला काय ठाऊक, गप्पांच्या आडून तो महिनाभर इंजिनात हात घालून बसला होता. मला वाटायचं, म्हातारा उगाच हात काळे करतोय.

आज सकाळी दूध घ्यायला खाली उतरले तर गाडीच्या जागी नुसता तेलाचा डाग. डोळे चोळून पुन्हा बघितलं, डागच. आधी वाटलं सोसायटीने उचलली. सेक्रेटरी मिहिरभाईंच्या दारात जाऊन त्यांना काय वाटेल ते बोलले. ते बिचारे दात घासता घासता म्हणाले, "रत्नाबेन, मी नाय हात लावला, पण गेली तर चांगला झाला ना, जागा झाली." मग वाटलं भंगारवाला. निमेशने त्याला भाऊबीजेनंतर यायला सांगितलं होतं. त्याला फोन लावला तर तो म्हणतो, "आलो नाही, येऊ का?" तोवर माझा चेहरा बघून सगळी बिल्डिंग समजूत घालायला लागली. गाडीत तुमच्या किती आठवणी असतील, म्हणे. सूनबाई कल्पिताने तर मला पाणी प्यायला लावलं आणि पाठीवरून हात फिरवला. हिला वाटतंय मी गाडीसाठी रडतेय. मी मेली त्या पत्र्यासाठी कशाला रडू? पण खरं सांगायची सोय नाही. चकल्या डिकीत ठेवल्या म्हटलं तर हसू होईल, आणि ते हसू विनिताच्या सासरी पोचायला एक फोन पुरतो. शेवटी जयवंतची सून प्रांजल वरून म्हणाली, "बाबा पहाटेच स्वेटर नि गोळ्या घेऊन गेले. गावाक जातंय म्हणाले." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तुमचा भाऊ फोन फ्रिजवर विसरून गेलाय. कुंडलिक फोन उचलतो, हॅलो हॅलो करतो आणि ठेवतो.

तुम्हाला फोन करण्यात अर्थ नाही. तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले तर तुमच्या वाडीला कळेल. म्हणून ही चिठ्ठी रात्रीच्या मालवणच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते, सिद्धेश म्हणून आहे, तुमचं घर त्याला ठाऊक आहे. ती फियाट पोचायच्या आत बस नक्की पोचेल. ते आले की आधी त्यांना जेवायला घाला. तिघे पानावर बसले की तुम्ही हळूच अंगणात जा, झाऱ्याचा दांडा फटीत घाला, वर उचला. डबे काढून तशाच फडक्यात सिद्धेशकडे द्या. बसच्या पोटात नको, सीटवर ठेवायला सांगा. आणि तुमच्या भावाला पाडव्याच्या आत बसमध्ये बसवा. सासऱ्याच्या बापाशिवाय जावयाला ओवाळलं तर विहीणबाई वर्षभर तेच दळत बसेल.

तुमच्या गुडघ्याला जपा. माझ्या कंबरेला विचारणारं इथे कुणी नाही, तर तुम्हीही विचारू नका.

तुमची भावजय,
रत्नप्रभा

ता. क. गाडी परत पाठवू नका. माडाखाली राहू दे. इथे आली तर निमेश ती भंगारात घालील आणि मग तिघेजण बसायला माझ्या स्वयंपाकघरात येतील.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात कुंडलिकचा फोन आला. माणगावच्या पुढे कुठेतरी आहेत. म्हणाला, "वहिनी, आम्ही सुखरूप, गाडीपण सुखरूप, फक्त चालत नाय." रेडिएटर तापलाय, निवला की निघणार म्हणे, आजूबाजूला एक हॉटेल उघडं नाही, तुमच्या भावाने डायबेटिसची गोळी घेतलीय आणि पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नाही. मी गप्प बसणार होते. खरंच गप्प बसणार होते. पण मग सांगितलं. डिकी कशी उघडायची ते सांगितलं आणि चकल्यांचा डबा सांगितला. लाडू गोड, ते त्याला चालत नाहीत, तरी उद्या तेही गेले असं धरून चाला. त्यानंतर पलीकडून नुसता कुरुमकुरुम आवाज. तोंडं भरलेली असणार. स्टेपनीखालचं मी काही बोलले नाही. तिथल्या करंज्या तेवढ्या काढून पाठवा.

तिसरा ता. क. पिठाच्या गिरणीचा मालक काल कुलूप लावून गावी गेला, आता इथे भाजणी दळून मिळायची नाही. तेव्हा वन्सं, चकल्या तुम्हीच करून पाठवा. डबाभर, नेहमी करता तशाच. विहीणबाईंना मी केल्यात असंच सांगणार आहे. तुमच्या भावाला पहिल्या घासाला कळेल, पण तो बोलायच्या आत त्याच्या तोंडात दुसरी कोंबायची जबाबदारी माझी.