चिखलकासव किती कामाचं?

६ मार्च, बुधवार

प्रिय ठमे,

तुझं पत्र मिळालं. माझी तब्येत ठीक आहे, काम चालू आहे. वर्षातलं तिसरं. हॉटेलांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री आहे, मी इस्त्रीच्या रुळात ओल्या चादरी घालतो. बाबा आता भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जातात हे वाचून बरं वाटलं.

फोनवर मी विषय बदलतो म्हणून तू लिहून विचारलंस. दोन प्रश्न. आपल्या प्राण्यांच्या पत्त्यांची रविवारी स्पर्धा आहे, तिच्यात चिखलकासवाचं कार्ड घेऊ का, हा पहिला. चष्म्याच्या कामाचं शिक्षण घ्यायला तू नऊ महिने गेलीस तर बाबांजवळ मी येऊन राहीन का, हा दुसरा. वीस तारखेपर्यंत तुला तिकडे कळवायचंय, तेही वाचलं. आधी कासवाचं बघू.

जोर एक, कवच पाच, मैदानात उतरवायला चार शक्ती. पत्र वाचता वाचताच मी ठरवलं होतं, फेकून दे. चार शक्ती घालवून नुसतं बसून राहणारा प्राणी कुणाला हवाय? तेवढ्याच शक्तीत माझा वाघ येतो.

पण इथे चादरींच्या गाडीचा एक ड्रायव्हर आहे. वयाने बाबांपेक्षा थोडाच लहान. जेवणाच्या सुट्टीत घड्या घालायच्या टेबलावर आम्ही खेळतो. काल त्याने नेमकं तेच कासव काढलं. मी वाघाने हल्ला केला, तीन जखमा. आपल्या पद्धतीप्रमाणे कार्डावर तीन बटणं ठेवली. माझी पाळी संपली तशी त्याने ती उचलून माझ्या हातात दिली.

"ही काय लबाडी?" मी म्हटलं.

"लबाडी कसली? जखम त्या पाळीपुरती. पाळी संपली की प्राणी पुन्हा धडधाकट."

"आमच्याकडे बटण मरेपर्यंत उचलत नाहीत."

"मग तुमचे नियम काय तुझ्या मामाने छापलेले?"

बाजूचे हसले. मीही हसलो, पण डाव हरलो. माझा वाघ दर पाळीला तीन मारणार आणि कासव दर पाळीला नव्याने बसणार. पाचच्या पाच एका पाळीत मारायला मला दोन प्राणी पाठवावे लागले, आणि ते तिकडे गुंतले तेव्हा त्याने राखणीला कुणी न उरलेलं माझं घर साफ केलं.

ठमे, तो नियम मामाने छापला नव्हता. मी बनवला होता. पत्त्यांच्या डब्यात नियमांचा कागद होता, बारीक अक्षरांचा. दोन ओळी वाचल्या, तिसरीला अडकलो. तू सात वर्षांची, तोंड वर करून बघत होतीस. येत नाही म्हणायची लाज वाटली. म्हणून ठोकून दिलं, "बटण उचलायचं नाही, असं लिहिलंय." कागद हरवला असं नंतर सांगितलं, तो मीच फाडला. तुला कासवं, गोगलगाई असलेच प्राणी आवडायचे. ते माझ्या नियमाने मरायचे आणि मी वर तुलाच म्हणायचो, तुला निवडता येत नाही.

रविवारी तू पहिल्यांदा बाहेरच्यांशी खेळणार. तिथे बटणं उचलतात, लक्षात ठेव.

तर कासव घे. त्याने किती मारलं ते मोजू नकोस. ते समोर असताना दुसऱ्याच्या किती पाळ्या फुकट गेल्या ते मोज. मात्र दोनच घे. उडणारे प्राणी त्याच्या डोक्यावरून जातात, आणि कासव येईपर्यंतच्या पहिल्या तीन पाळ्यांसाठी काहीतरी स्वस्त हातात ठेव.

आता दुसरं. पान संपत आलंय, पण आता टाळत नाही.

बाबांचं आणि माझं एका छताखाली जमत नाही, तू शांत आहेस, तुझ्याशी ते नीट वागतात, हे मी तुला इतकी वर्षं सांगत आलो. तू तेही खरं मानलंस. खरं म्हणजे मी सलग महिनाभर घरी राहून बघितलंच नाही. त्यांची आंघोळ, गोळ्या, रागावणं, सगळं तुझ्याकडे सरकवलं आणि मी नोकऱ्या बदलत फिरलो. तू थकतेस का, हे एकदाही विचारलं नाही. तूही कधी लिहिलं नाहीस.

आज सकाळी मुकादमाला सांगितलं की पंधरापर्यंतच येईन. तो म्हणाला, "या वेळी कुणाशी भांडलास?"

"कुणाशी नाही. घरी जातोय."

त्याला पटलं नाही. तुलाही पटणार नाही. म्हणून सतराचं तिकीट आजच काढलं आणि त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

नऊ महिने मी घर सोडणार नाही. बाबांशी खटके उडतील. ते ऐकायला तू तिथे नसशील, एवढं तरी बरं. आंघोळ कशी घालायची, गोळ्या कुठल्या वेळेला, सगळं मोठ्या अक्षरांत लिहून ठेव. अडलो तर शेजारच्या काकूंना विचारीन. आता विचारायची लाज वाटणार नाही.

मी पोचायची वाट बघू नकोस. होकार आधी कळव.

ज्याचा शब्द तू न तपासता खरा मानत आलीस, तो तुझा
दादा