फटीतल्या पाकोळ्या

मुलुंड पूर्व,
७ ऑक्टोबर २०२४

चि. रुचिरा,

आशीर्वाद. फोनवर तू 'हं, हं' करत दुसरंच काहीतरी टाइप करतेस, म्हणून हे पत्र. मी बरी आहे. मेघालयात ऊन पडलं असेल तर लोकरीचे कपडे वाळव, वास येतो त्यांना.

मुद्द्याचं सांगते. बिल्डिंगचं रंगकाम काढलंय. दोन विंगांमधल्या फटीत तुझी ती अंगठ्याएवढी वटवाघळं राहतात, ती फट सिमेंटने बुजवायची असं कमिटीच्या मनात होतं. मी गच्चीवरून टॉर्च मारला, तर आत पिल्लंसुद्धा. तू असतीस तर परांचीवर चढून भांडली असतीस. मी मीटिंगला गेले.

सेक्रेटरी चंद्रप्रकाश म्हणाले, "बाई, आहे तरी काय त्या फटीत?"

"पाकोळ्या."

आमच्या गावी लहान वटवाघळाला पाकोळीच म्हणतात. तुझ्या स्थानिक नावांच्या तक्त्यातून तूच तो शब्द खोडला होतास. पाकोळी हा पक्षी, म्हणे, वर्गीकरण चुकतं. कमिटीनेही पक्षीच समजला. जन्मभर शाळेत मुलांच्या चुका दुरुस्त केल्या, ही तेवढी राहू दिली. फटीचं दिवाळीनंतर बघू, असं ठरलं.

आता पंचाईत ऐक. चंद्रप्रकाशांनी लिफ्टपाशी पाटी लावलीय, 'पाकोळ्यांची घरटी. गोंगाट करू नये.' संध्याकाळी नातीला घेऊन खाली उभे राहतात. काल म्हणाले, चोच काही दिसत नाही हो. मी म्हटलं, अंधारात कशी दिसणार? हे किती दिवस रेटू?

मी खरं सांगितलं तर रोगराईच्या नावाने ओरडतील आणि दुसऱ्या दिवशी सिमेंट. तुझं ऐकतील. कुठली जात कुठे आढळते, काय खाते, हे तुझ्या तोंडी शोभतं.

तिकडे कायमची नोकरी देतायत, हे तू बोलली नाहीस. तुझ्या मैत्रिणीकडून, राधाकडून कळलं. चांगली आहे, घे. मी काही म्हणत नाही. बांबूतली वटवाघळं मोजायला तिकडे माणूस मिळत नसेल. मुलुंडची मोजायलाही कोणी नाही, एवढंच.

दिवाळीला ये. त्यांच्यासाठी ये, माझं काही अडलेलं नाही. तुझ्या पलंगावर नवी चादर घातलीय, ती जुनी विरली होती म्हणून.

तू येईपर्यंत फट बुजवू देत नाही.

आई