तंबूतली नवी शेगडी

३ नोव्हेंबर

आणलं — करडी लोकर, सहा लडी : साडेनऊ (दुकानदार दहाच म्हणत होता, मी पायरी उतरले तेव्हा खाली आला). रॉकेल एक डबा : चार. देवाचं तेल, वाती, काड्यापेट्या : मिळून दोन. दूधवाल्याचं मागचं राहिलं होतं, ते चुकतं केलं.

लोकर धाकट्यासाठी. तो फौजेत वायरलेसवर आहे आणि यंदा पहिल्यांदाच उंचावरच्या ठाण्यात हिवाळा काढणार. मोजे गुडघ्यापर्यंत पाहिजेत म्हणतो. पाय बापासारखे लांबच लांब, लोकर पुरली म्हणजे मिळवली!

हे आज लवकर आले. संसदेवर निवडून येऊन सहा वर्षं झाली, पण चालण्याबोलण्यात अजून शाळेचे हेडमास्तरच आहेत. दोन वर्षांपासून संरक्षण समितीवर आहेत. फौजेसाठी सरकार काय विकत घेतं, कुणाकडून, कशाला, ते तपासणारी समिती. तिथलं अक्षर घरात काढत नाहीत. अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला जाईपर्यंत तिथलं बोलणं तिथंच राहायला हवं असा नियम आहे, आणि नियम म्हटला की ह्यांच्या अंगात येतं. मला राग नाही. माझ्या देवाशी मी काय बोलते ते मी तरी ह्यांना कुठं सांगते?

पण आज आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरले आणि खिडकी सताड उघडली. बाहेर ही थंडी! फोडणी गार झाली. "अहो, काय हे" म्हटलं, तर ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

७ नोव्हेंबर

आजही खिडकी. एक मोजा झाला.

११ नोव्हेंबर

ह्यांचं काहीतरी बिनसलंय.

बैठकीच्या खोलीतली रॉकेलची शेगडी — लग्नानंतर घेतलेली, आजवर एक पैसा दुरुस्तीला मागितला नाही तिनं — उचलून गॅलरीत नेऊन ठेवली. मी आत आणली. ह्यांनी पुन्हा बाहेर नेली. मी म्हटलं, रॉकेल वाचवायचं असेल तर तसं सांगा, मला आनंदच आहे. त्यावर हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

जेवताना विचारलं, धाकट्यानं नव्या सामानाचं काही लिहिलंय का. मी पत्र आणून वाचून दाखवलं. कोट आले, बूट आले (डावा चावतो), आणि आता तंबूंसाठी नव्या शेगड्या यायच्या आहेत, त्या आल्या की तंबूत अगदी घरच्यासारखी ऊब होईल म्हणतात. ह्यांनी उचललेला घास ताटात ठेवला तो ठेवलाच. एवढं अन्न वाया.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींचे यजमानही सभासद आहेत. त्यांना विचारलं. म्हणाल्या, या वयात पुरुषांना उकडतं हो, आमचे तर पंखा मागतात. पण ह्यांना उकडत नाही. खांद्यावर शाल घेऊन उघड्या खिडकीशी बसतात. मग उघडायची कशाला?

१४ नोव्हेंबर

कळलं. न कळतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी हसरे भाऊजी आले होते. ह्यांच्याच पक्षाचे, त्याच समितीवरचे. घरात कुणी गेलं तरी हसतच भेटायला येतील, म्हणून मी मनात त्यांना हसरे भाऊजी म्हणते. मला पाहून ते बोलायचे थांबायला हवे होते, पण चहा घेऊन येणारी बाई म्हणजे त्यांना भिंतच. मी बशा जरा सावकाश मांडल्या.

झालं ते असं. गेल्या वर्षी त्या नव्या शेगडीचा नमुना समितीपुढे आणला होता. समितीच्या त्या मोठ्या दालनात, टेबलावर, सगळ्या सभासदांसमोर पेटवून दाखवला. उंच छत, दोन्हीकडे खिडक्या, दारं उघडी, शिपायांची ये-जा. शेगडी मस्त पेटली. धूर नाही, वास नाही. सगळ्यांनी पुढे होऊन हात शेकले. ह्यांनीसुद्धा! आणि शेरा लिहिला — समाधानकारक.

ती बंद तंबूत पेटवून बघावी असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझा लेक काय दालनात झोपतो?

आता पहिली खेप सरावाच्या तळावर गेली, तर तिथं एका तंबूत झोपलेली दोन माणसं सकाळी उठलीच नाहीत. जळताना विषारी वायू सुटतो म्हणे, त्याला वास नसतो. खात्यानं हे समितीला गुपचूप कळवलं आहे. आणि बाकीच्या शेगड्या वर चढवायचं काम चालूच आहे.

भाऊजी म्हणत होते, अहवालात एवढ्यात तो परिच्छेद नको. लिहायचं म्हटलं तर आपणच हात शेकले तेही लिहावं लागेल. "अधिक माहिती मागवली आहे" एवढं घालू, पुढल्या अधिवेशनात बघू. तुम्ही फक्त भिन्न मताची पुरवणी जोडू नका, मास्तर. हे म्हणाले, "आणि तोवर ती माणसं?" तर भाऊजी म्हणाले, थंडीनं गेली की शेगडीनं, कोण सांगणार.

जाताना दारात मला म्हणाले, "वहिनी, मास्तरांना सांभाळा. यातलं काही बाहेर फुटलं तर सभागृहाचा हक्कभंग होईल. मग हे घर काय, खुर्चीही जाईल." तेही हसतच सांगितलं.

१५ नोव्हेंबर

आज ह्यांच्यासमोर सरळ जाऊन बसले. म्हटलं, मी काल सगळं ऐकलं. धाकट्याला कळवायचं की नाही?

किती तरी वेळ चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता. म्हणाले, समितीतली गोष्ट मी मुलाला कळवली तर उद्या दुसरा सभासद कंपनीला कळवेल, मग नियमाला अर्थ काय राहिला? मी म्हटलं, मला नियम सांगू नका, तो मी पोटात वाढवलाय. तेव्हा खिडकीकडे तोंड करून म्हणाले,

"मला काही विचारू नकोस. तू पत्रात काय लिहितेस ते मी आजवर कधी वाचलंय का?"

एवढं बोलून फिरायला निघून गेले. टोपी घरीच विसरले.

दुपारी पत्र लिहिलं. खरं कारण लिहावं तर फौजेत पत्रं उघडून वाचतात, ह्यांच्यावर येईल. मग लिहिलं — बाळा, मला स्वप्न पडलं. देवानं स्वतः सांगितलं की तुझ्या पोराला म्हणावं नव्या शेगडीपाशी झोपू नकोस. तुझी जुनी आहे तीच वापर. हसू नकोस, माझी शपथ आहे.

स्वप्न वगैरे काही पडलं नाही. आयुष्यात देवाच्या नावावर खोटं बोलले नव्हते. दिवा लावताना आज वर बघवेना.

पत्र स्वतः पेटीत टाकून आले. मोजेही सोबत पाठवले. दुसऱ्याची टाच जरा तिरकी झाली आहे.

१८ नोव्हेंबर

ह्यांनी खात्याच्या सचिवांना फोन लावला. मी धान्य निवडत बसले होते, मला इकडची बाजू तेवढी ऐकू आली. आधी गोडीत, पाठवणी तेवढी थांबवा म्हणून. मग थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे विषय समितीपुढे आहे म्हणून तुम्ही हात लावणार नाही? अहो, मी समितीचाच माणूस बोलतोय!" तिकडून फोन ठेवला असावा. ह्यांनी नंतरही बराच वेळ कानाला लावून ठेवला होता.

समिती म्हणते खातं बघेल. खातं म्हणतं समिती बघते आहे. माझ्या दोन नणंदा म्हाताऱ्या सासूबाईंचं असंच करायच्या.

२१ नोव्हेंबर

पोस्टमनला विचारलं, वर पत्र पोचायला किती दिवस. म्हणाला, बर्फावर आहे, आजी. आजी! अजून नातवंड नाही मला.

२४ नोव्हेंबर

सकाळ-संध्याकाळ देवासमोर बसते. एकच मागणं. माझ्या लेकाला त्या शेगडीपासून लांब ठेव. दुसरं काही नको, पुन्हा काही मागणार नाही.

खोटं बोलल्याची शिक्षा द्यायची तर मला दे.

२७ नोव्हेंबर

हसरे भाऊजी पुन्हा. आज त्यांच्याबरोबर अध्यक्षही होते, समितीचे. मोठा माणूस, पण चपला नीट जोडून ठेवल्या, ते मला आवडलं. बाकी काही आवडलं नाही. गोड बोलले. पुढच्या निवडणुकीचं बोलले. थोरल्या लेकीच्या नवऱ्याच्या बदलीचंही बोलले, ते त्यांना कसं कळलं देव जाणे. शेगडीचं नाव कुणीच काढलं नाही. साखर मात्र तिघांनीही दोन दोन चमचे घेतली.

२९ नोव्हेंबर

हे आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "सही केली." पुरवणी? नाही जोडली. अधिवेशन लागलं की सभागृहात बोलेन म्हणाले. अधिवेशन नव्या वर्षात आहे.

मी पाणी दिलं. काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? या वहीत खोटं कशाला लिहू, मला बरंच वाटलं. पत्र आता पोचलं असणार. आपला पोरगा जुन्या शेगडीपाशी झोपला असणार. ह्यांच्याही मनात तेच असणार, नाहीतर ह्यांनी सही केली नसती, एवढी मी ह्यांना ओळखते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

आज खिडकी बंद. गॅलरीतली शेगडी ह्यांनी स्वतः आत आणली.

२ डिसेंबर

घरात ऊब आहे. हे जेवले, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आहेत — समितीचा अहवाल एकमतानं संमत.

एकमतानं.

उरलेल्या लोकरीची टोपी होईल.

६ डिसेंबर

धाकट्याचं पत्र आलं. खुशाल आहे! देवाला हात जोडले आणि मग पुढचं वाचलं.

"आई, मोजे छान झालेत. एक टाच तिरकी आहे, पण माझी पण आहे. तुझी शपथ पाळली. नवी शेगडी आली त्याच दिवशी काढून टाकली, जोडीदार कुरकुरला पण तुझं स्वप्न सांगितल्यावर गप्प बसला. वाया जायला नको म्हणून ती शेजारच्या तंबूतल्या पोरांना दिली. चौघं आहेत, नवीन भरती, थंडीनं रडकुंडीला आले होते. आता त्यांच्याकडे दोन झाल्या. त्यांच्या आयांना अशी स्वप्नं पडत नाहीत, त्यामुळे मजेत झोपतात."

तारीख बघितली. पत्र वाटेत आठवडाभर होतं.

मी जे मागितलं होतं तेच दिलं देवानं. माझ्या लेकाला लांब ठेव म्हटलं होतं. दुसरं काही नको म्हटलं होतं.

पत्र ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी वाचलं, उठले, खिडकी उघडली, आणि टोपी न घालताच तार करायला गेले. तार करून आले तरी चैन नाही, कारण तारसुद्धा वर टपालाच्याच थैलीतून जाते. मग माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, लिही, मी सांगतो. जन्मात पहिल्यांदा माझ्या पत्रात ह्यांनी शब्द घातले. ते इथं उतरवून ठेवते, उद्या कुणी विचारलं तर असावेत :

"स्वप्न पडलं नव्हतं. हे मला समितीत कळलं. त्या शेगडीतून विषारी वायू सुटतो, वास येत नाही, दोन माणसं गेली आहेत. चौघांच्या तंबूतल्या दोन्ही शेगड्या आधी बाहेर काढ, मग ठाण्यातल्या सगळ्या. साहेब कारण विचारतील. वडिलांचं नाव सांग, पूर्ण सांग, सभासद आहेत तेही सांग."

खाली ह्यांनी सही केली. अहवालावर केली होती त्याच पेननं.

मी एकच ओळ घातली — बाळा, त्या चौघांची नावं आणि ती पोरं कशी आहेत ते उलट टपाली कळव.