पाहुण्यांचा कप

रविवार, डिसेंबर. संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. इथल्या गावच्या हॉलमध्ये प्रत्येक घराचा चहाचा कप खिळ्याला टांगलेला असतो, खाली आडनाव रंगवलेलं. मला मात्र आजही पाहुण्यांचा पांढरा कप. इथल्या उन्हाळ्यात, युनिव्हर्सिटीच्या सुट्टीत, गव्हाच्या सायलोवर, म्हणजे उंच कोठारावर, कामाला येण्याचं हे माझं तिसरं वर्ष. अख्ख्या गावात माणसं उरलीत चाळीसेक. तरी मी पाहुणी?

हॉल सांभाळणाऱ्या जोनला विचारलंच. म्हणाली, "तुम्ही स्टुडंट लोक सीझन संपला की जाता ना."

म्हटलं, "शाळा बंद पडली तेव्हा निम्मं गाव गेलं. त्यांचे कप मग अजून का टांगलेत?"

ती टेबल पुसायला लागली. जास्त बोलले का मी? नाही. खरं तेच बोलले.

सायलोवरून हातोडी आणली, शेवटच्या कपाशेजारी खिळा ठोकला आणि तोच पांढरा कप माझा म्हणून टांगला. खाली मार्करने लिहिलं, कांबळे. देवनागरीत. वाचता नाही आलं तर विचारतील. जोन बघत होती, पण तिने अडवलं नाही.

फेब्रुवारीत मी जाणारच आहे. कप राहील. गेलेल्यांचे कप काढायचे नाहीत, हा नियम काही मी केलेला नाही.