मी जेवलो का गं?

प्रिय आई,

तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. सासू आणि सून एकाच फ्लॅटमध्ये, एकाच ओट्यापाशी, पत्र कशाला लिहायचं? आणि शेवटी शेवटी तर तुम्हाला अक्षरंच ओळखू येईनाशी झाली होती. आज लिहितेय, कारण परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि त्या दिवशी घरात जे घडलं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगावं हेच सुचेना. तुमच्या लेकाला सांगू शकत नाही, कारण ते त्याच्याबद्दलच आहे.

श्राद्ध नीट पार पडलं, काळजी करू नका. गुरुजी साताऱ्याहून फोनच्या पडद्यावर होते. टेक्का मार्केटात अळू मिळालं, म्हणून अळूची भाजी झाली. वडे केले, खीर केली. कावळ्याला घास ठेवायची मात्र पंचाईत. इथे सिंगापुरात पक्ष्यांना खायला घातलं की दंड! मी पान स्वयंपाकघराच्या खिडकीच्या आत ठेवलं, म्हटलं, नुसतं बघून जा बाबा. तो समोरच्या ब्लॉकच्या कठड्यावर बसून राहिला. तुम्ही असतात तर त्याच्याशीही भांडला असतात.

शिरीषने एक वडा खाल्ला आणि वाटीतली खीर चमच्याने इकडची तिकडे केली. तुमचा शिरीष! ज्याच्या पानात तुम्ही "बाळ, एवढा एकच" म्हणत वाढत राहायचात, आणि जो नको नको म्हणत ते सगळं चापायचा! आता त्याला आग्रह करून काही उपयोग नाही. तुम्ही गेल्यानंतर काही महिन्यांनी त्याने वजन कमी करायचं इंजेक्शन सुरू केलं. शुगर वाढलेली, पोट सुटलेलं, डॉक्टरांनीच सुचवलं. फ्रिजच्या दारात, जिथे तुमचे डोळ्यांचे थेंब असायचे, तिथे आता त्याचं इंजेक्शनचं पेन असतं. दर रविवारी आंघोळ झाली की पोटाला टोचून घेतो. भूकच लागत नाही म्हणे. डोक्यात दिवसभर खाण्याचा जो घोष चालायचा, तो कुणीतरी बंद केल्यासारखा वाटतो. पँट ढगळ झाल्यात, शुगर उतरलीय. मला बरंच वाटत होतं हो.

तर त्या दुपारी सगळं आवरून मी भांडी पुसत होते. शिरीष आतून डुलकी काढून आला, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला,

"मी जेवलो का गं?"

आई, माझ्या हातातला डाव खाली पडला.

तुम्हाला आठवत नसेल. कसं आठवणार? पण हे वाक्य तुमचं होतं. त्याच दारात, चौकटीला तसाच हात लावून, तुम्ही दिवसभर हे विचारायचात. "वर्षा, मी जेवले का गं?" नंतर 'वर्षा' गेलं, नुसतं "मी जेवले का?" राहिलं. तोंडाला वरण लागलेलं असायचं आणि तुम्ही विचारायचात. मी हो म्हणायचे. तुम्ही गॅलरीपर्यंत जाऊन परत यायचात. शाळेतून आलेली ईरा दप्तर टाकत, इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून ओरडायची, "आजी, यू एट ऑलरेडी लाह!" तुम्हाला नातीचं एक अक्षर कळायचं नाही, पण तुम्ही हसायचात.

परवाही ईराच सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, यू एट ऑलरेडी लाह!" आणि मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं. तिलाही आठवलं.

शिरीष हसायला लागला. "अगं, तसं नाही. पोटाला काही कळतच नाही. भूकही नाही, भरल्यासारखंही नाही. झोपेतून उठलो आणि खरंच लक्षात येईना." मी डाव उचलला, धुतला, जागेवर ठेवला. पण मग काय काय आठवायला लागलं! गेल्या आठवड्यात पाया लेबारच्या ऑफिसातून घरी येताना हा एमआरटीच्या गाडीत बसून आपलं बेडोक स्टेशन सोडून पुढे गेला होता. फोनमध्ये डोकं होतं म्हणे. मागे एकदा हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यावर कॉफीचे पैसे देऊन कॉफी तिथेच विसरला होता. अशा गोष्टी कुणाच्याही होतात. माझ्याही होतात. पण तुमचंही अशाच गोष्टींनी सुरू झालं होतं ना?

दुसऱ्या दिवशी त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणजे ईराची मोठी बहीण शोभेल अशी पोरगी. तिने त्याला शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं. तुम्हालाही लावलं होतं, आठवतं? तुम्ही सगळे आकडे एका बाजूला कोंबलेत आणि वर डॉक्टरांनाच म्हणालात, "मला कशाला काढायला लावता? भिंतीवर आहे की!" शिरीषचं घड्याळ व्यवस्थित आलं. शब्दही सगळे सांगितले. डॉक्टर म्हणाली, भूक गेली की जेवलो की नाही याचं भान सुटू शकतं, पोटभर प्रोटीन खा, पाणी प्या, झोप काढा.

मी विचारलं, "या इंजेक्शनने पुढे मेंदूला काही होतं का?" शिरीषनेही त्याच क्षणी विचारलं, "मेंदूला फायदा होतो ना?" दोघांचे प्रश्न एकमेकांवर आपटले. पोरगी शहाणी होती, थापा मारल्या नाहीत. म्हणाली, मी हे शुगर आणि वजनासाठी दिलंय. मेंदूचं म्हणाल तर काही ठिकाणी आशा वाटावी असं दिसतं, काही ठिकाणी काहीच फरक दिसत नाही. अनेक वर्षं घेतल्यावर काय होईल, ते आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तिथून आम्ही ईस्ट कोस्टला गेलो, तुमच्या नेहमीच्या बाकावर. तुम्ही समुद्राकडे बघून म्हणायचात, "कृष्णेला एवढं पाणी कधी आलं?" आणि लांबवर उभी असलेली जहाजं बघून, "जत्रा आहे वाटतं." मी आधी समजावायचे की ही कृष्णा नाही, हे सिंगापूर आहे. मग सोडून दिलं. कृष्णा तर कृष्णा.

बाकावर बसल्यावर तो म्हणाला, "वजन हे निमित्त होतं, वर्षा. ऑफिसात लंचच्या सुट्टीत मी आईच्या आजाराबद्दलच वाचत बसतो. या औषधाने विसरण्याचा आजार टळू शकतो, असं कुठेतरी वाचलं आणि मी डॉक्टरांना लगेच हो म्हटलं. मला आईसारखं व्हायचं नाही. तुला पुन्हा तेच करायला लावायचं नाहीये मला."

मला भरून यायला हवं होतं ना? मला राग आला, आई! इतका राग आला की मी उठून पाण्यापर्यंत चालत गेले. म्हणजे याने सगळं पाहिलं होतं तर! मी नोकरी सोडली ते, तुम्हाला आंघोळ घालताना माझी पाठ धरायची ते, तुम्ही दार उघडून लिफ्टपाशी गेलात की मी अनवाणी धावायचे ते. सगळं पाहत होता आणि एकदाही 'दमलीस का' म्हणाला नाही. आणि आता बोलला तेही एका सुईच्या भरवशावर!

मी दमलेय हो, आई. आजच नाही, तुम्ही गेलात त्याच्याही आधीपासून. लोक म्हणाले, सुटल्या बिचाऱ्या. मला वाटलं, मीही सुटले. आणि परवा त्या एका वाक्याने मी पुन्हा त्याच दारात येऊन उभी राहिले. स्पष्ट सांगते, तुमच्यापाशी काय लपवायचं? माझ्याच्याने पुन्हा होणार नाही. त्याला तुमच्यासारखं झालं तर मी काय करेन, मला खरंच माहीत नाही. त्याला सोडूनही जाणार नाही. मग काय करणार? या प्रश्नाचं इंजेक्शन निघालंय का कुठे?

एक तक्रारही आहे तुमच्याबद्दल. शहाण्या होतात तोवर माझ्या आमटीत कधी मीठ कमी, कधी गूळ जास्त. एकदाही "छान झालीय" म्हणाला नाहीत. आणि मी कोण हेच विसरलात, तेव्हा शेजारच्या काकूंना कौतुकाने सांगत होतात, "आमच्याकडे स्वयंपाकाला बाई आहेत ना, त्यांच्या हाताला फार चव आहे." मी तिथेच उभी होते! हसावं की रडावं?

पण त्याच दिवसांतली एक दुपार मी जपून ठेवलीय. मी तुम्हाला भात भरवत होते. तुम्ही एकदम माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "बाई, तुम्ही जेवलात का?"

मी जेवले नव्हते. चार वाजत आले होते. मी "नाही" म्हटलं. तुम्ही ताटली माझ्याकडे सरकवलीत. "मग बसा की. मी कुठे पळून जातेय?"

या घरात मला तो प्रश्न तुम्ही एकट्यांनीच विचारलात, आणि तोसुद्धा मी कोण ते माहीत नसताना. मी तुमच्याच ताटलीतून जेवले, आई. तुम्ही बघत राहिलात. मग थोड्या वेळाने विचारलंत, "मी जेवले का?" मी म्हटलं, "हो. आपण दोघी जेवलो." त्या दिवशी तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.

काल रात्रीपासून मी दोन ताटं एकदम वाढायला लागलेय. सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभं राहून उरलंसुरलं खाणं बंद. शिरीषला आधी कळेना. "तू नंतर बसतेस ना?" मी म्हटलं, "यापुढे नंतर नाही बसणार." त्याने अर्धी पोळी खाल्ली, मी दोन. आग्रह केला नाही. इंजेक्शन घ्यायचं की सोडायचं ते तो आणि ती डॉक्टर ठरवतील. त्याच्या डोक्यात पुढे काय होणार ते आम्हाला कुणालाच कळणार नाही, इतक्यात तरी नाही.

तुम्हाला शब्द देते तो एवढाच. ताकद उरली नाही तर मदत मागेन, जोरात मागेन, त्याच्याकडे, ईराकडे, परक्यांकडेसुद्धा. आणि रोज त्याच्यासमोर माझं ताट असेल. मग औषधामुळे असो की त्या आजारामुळे, पुन्हा कधी तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी जेवलो का गं?", तर मला खरं सांगता येईल. हो रे. जेवलास. माझ्याबरोबर जेवलास.

आणि हो, तुम्ही विचारलं होतंत ना? मी जेवलेय, आई.

तुमच्या,
स्वयंपाकाच्या बाई
(वर्षा)